म्हातारा कुत्रा घरी आणताय? मग तीन महिने धीर धरा

मे महिना सरत आला, की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. डोंगरावर ढग जमू लागतात आणि मुंबईकरांची फार्महाऊस बंद होऊ लागतात. पेणपासून रोह्यापर्यंत डोंगराच्या कडेने अशी घरे आता बरीच झाली आहेत. त्यातले एखादे विकले जाते, एखाद्याचा राखणदार काम सोडून आपल्या मुलखाला जातो. सामान टेम्पोत चढते. मागे फाटकाशी उरतो तो कुत्रा. आठ-दहा वर्षे राखण केलेला, तोंडाजवळ पांढरा झालेला, मागच्या पायांनी जरा ओढत चालणारा.

मग गावातले एखादे घर पुढे होते. "पावसात कुठे जाईल बिचारा," म्हणून त्याला पडवीत आणून बांधतात. पहिल्या दिवशी घरची पोरे त्याच्याभोवती गोळा होतात. चौथ्या दिवशी मात्र सूर बदलतो. "हा काही राहायचा नाही बुवा. खात नाही, रात्रभर रडतो, ओटीवर घाण करतो. परत सोडून या त्याला." वाचकहो, आजचा हा लेख त्या चौथ्या दिवसासाठी आहे. कारण म्हातारा कुत्रा घरात रुळत नाही, हे खरे नाही. तो उशिरा रुळतो, एवढेच. आणि त्या उशिराच्या काळात त्याला परत सोडले, तर दुसरे घर मिळण्याइतके आयुष्य त्याच्याजवळ बहुधा उरलेले नसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. पेण तालुक्यातल्या आमच्या घरी असाच एक टॉमी आला. चौथ्या रात्री फाटकाची कडी लावायला मी विसरलो आणि तो निघून गेला. सकाळी शोधाशोध केली. दोन किलोमीटरवर, त्याच्या जुन्या बंगल्याच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर तो बसला होता. आमच्या आणि त्या बंगल्याच्या मधे मोठा रस्ता आहे. रात्री तो कसा ओलांडला असेल, ते त्यालाच ठाऊक. त्याला उचलून घरी आणला. माणूस ज्याला पळून जाणे म्हणतो, ते त्याच्या लेखी कामावर हजर होणे होते, हे मला त्या दिवशी उमगले.

आधी दवाखाना, मग घर

कुत्रा घरी आणण्याआधी, निदान दुसऱ्या दिवशी तरी, त्याला पशुवैद्यकाकडे न्या. वय किती, हे दातांवरून आणि डोळ्यांवरून ढोबळ कळते. साधारण सात-आठ वर्षांनंतर कुत्रा उतरणीला लागला असे समजतात. मोठ्या चणीचे कुत्रे लवकर म्हातारे होतात, लहान चणीचे उशिरा. दात झिजलेले दिसले म्हणून लगेच बारा वर्षांचा ठरवू नका. हाडे आणि दगड चावून गावठी कुत्र्यांचे दात लवकर झिजतात. डोळ्यांत निळसर झाक दिसली तरी तो आंधळा झाला असे नाही. वयोमानाने बुबुळामागचे भिंग घट्ट होऊन तशी झाक येते आणि त्यातूनही त्याला बऱ्यापैकी दिसते. मोतीबिंदूत मात्र भिंग पांढरे पडते. यातला फरक डॉक्टरच सांगू शकतील.

आणखी चार गोष्टी डॉक्टरांकडून करून घ्या. जंताचे औषध. रेबीजची लस. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांवरची लस. आणि जमल्यास रक्ताची तपासणी, म्हणजे मूत्रपिंड, यकृत आणि साखर यांचा अंदाज येतो. कानाच्या टोकाला कापल्याची खूण असेल, तर त्याची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण पूर्वी कधीतरी झालेले आहे असे समजावे. पण ती लस दर वर्षी द्यावी लागते, हे विसरू नका.

कुत्री असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर एक धोका ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होतो. ती एकाएकी फार पाणी पिऊ लागते, खाणे सोडते, पोट फुगते, कधी मागून घाण जाते. हे दुखणे थांबत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

पहिले तीन दिवस

कुत्री पाळणाऱ्यांत सर्वत्र एक ठोकताळा चालतो: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घरची रीत समजण्याचे, तीन महिने घर आपले वाटण्याचे. म्हाताऱ्याला याहून जास्तही लागतात, कमी क्वचितच.

पहिल्या तीन दिवसांत त्याला काही शिकवायला जाऊ नका. पडवीचा किंवा मागच्या खोलीचा एक कोपरा द्या. एका बाजूला भिंत असावी, वारा-पाऊस लागू नये, आणि माणसे तिथून सारखी ये-जा करणारी नसावीत. खाली गोणपाटाच्या तीन-चार घड्या किंवा जुनी गोधडी. नुसत्या कोब्यावर किंवा लाद्यांवर झोपवले तर कोपरांना घट्टे पडतात आणि सांधे जास्त दुखतात. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पोती अंथरा. जुन्या शेणाने सारवलेल्या ओटीवर म्हातारे कुत्रे सुखाने चालते, नव्या घराच्या चकचकीत लादीवर ते उभेच राहत नाही, हे अनेकांनी पाहिले असेल.

त्या तीन दिवसांत तो खाणार नाही, किंवा रात्री माणसे झोपल्यावर खाईल. खाऊ द्या. पाणी मात्र प्यायलाच हवे. पूर्ण एक दिवस पाणीही प्यायला नाही, तर डॉक्टरांना विचारा. शेजारपाजाऱ्यांना बघायला बोलावू नका. पोरांना सांगा, तो जवळ आला तर हात लावा, आपण होऊन त्याच्या कोपऱ्यात जाऊ नका. झोपेत असताना तर मुळीच नाही.

आणि फाटक. पुन्हा सांगतो, फाटक. पहिला महिना त्याला मोकळे सोडू नका. महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा आपल्या दारावरून जातो, शिवाय पनवेल-रोहा रेल्वेमार्ग आहे. कमी ऐकू येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या कुत्र्याला ट्रक कळत नाही. खारेपाटात शेततळी आणि खाड्या, रोह्याकडे कालवे, आणि गावोगावी कठडा नसलेल्या विहिरी. तेव्हा फिरवायला नेताना पट्टा आणि लांब दोरी. गळ्यात एक बिल्ला, त्यावर तुमचा फोन नंबर.

लांब दोरी याचा अर्थ दिवसभर बांधून ठेवणे असा नव्हे. आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला गैरवाजवी वेळ जखडून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि बांधून पडलेला म्हातारा आणखी आखडतो, तो वेगळाच.

तीन आठवडे: वेळ पाळा

म्हाताऱ्या कुत्र्याला लाडापेक्षा वेळापत्रक जास्त लागते. सकाळी अमुक वेळी बाहेर, अमुक वेळी भाकरी, संध्याकाळी पुन्हा बाहेर, झोपण्याआधी एकदा बाहेर. रोज तेच, त्याच क्रमाने. दिवस कसा जाणार हे कळले, की त्याची रात्रीची रड आपोआप कमी होते. फिरणे लांबचे नको. दहा-दहा मिनिटे, दिवसातून तीन वेळा, ऊन चढण्याआधी आणि उतरल्यावर.

नाव बदलू नका. त्याच्याजवळ जुने म्हणून तेवढेच उरले आहे. कळत नसेल तर राखणदाराला, दूधवाल्याला विचारा. आमच्या टॉमीला मी आठवडाभर हाका मारल्या, तो मान वळवीना. मला वाटले, अडेल आहे. आईने मागे उभे राहून ताटली वाजवली, तरी तो हलला नाही. "अरे, बहिरा आहे तो. उगाच ओरडतोस त्याच्यावर," ती म्हणाली. तेव्हापासून आम्ही समोरून जातो, हाताने खूण करतो, झोपला असेल तर जवळ जमिनीवर पाय आपटतो. कंप त्याला कळतो. बहिऱ्या कुत्र्याला मागून हात लावला तर दचकून तो चावू शकतो, आणि मग दोष त्याच्या माथी येतो.

दिसत कमी असेल, तर घरातली खाट, पिंप, नांगर, सायकल यांच्या जागा बदलू नका. दोन आठवड्यांत तो सगळे घर पाठ करतो.

घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट घरात नको, बाहेर मोकळ्या जागी, दोघेही दोरीवर. जेवणाची भांडी वेगळी, जागा वेगळी. तरण्या कुत्र्याने म्हाताऱ्यावर उड्या मारल्या, तर म्हातारा गुरगुरणारच. गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणे म्हणजे "पुरे कर" असे सांगणे. ते सांगायची सोय तुम्ही काढून घेतलीत, तर पुढची पायरी चावण्याची.

खाण्यात काय द्यावे

आपल्याकडे कुत्र्याचे जेवण म्हणजे उरलेला भात, कालवणाचे पाणी आणि मासळीचे काटे. तरण्या कुत्र्याला ते पचत आले असेल, म्हाताऱ्याला नाही. दात दुखत असतील तर मऊ भात, त्यात उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे मटण, मीठ-मसाला न घालता. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी कोमट पाण्यात कुस्करून. दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा दोनदा थोडे बरे. भांडे पाटावर किंवा विटेवर उंच ठेवले, तर मान फार वाकवावी लागत नाही.

शिजवलेल्या कोंबडीची हाडे देऊ नका, ती फुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात. सुकट, खारा बोंबील यांत मीठ फार असते. मूत्रपिंड थकलेल्या जनावराला ते बाधते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला अपायकारक आहेत. घरात उरलेली डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी तर कधीच देऊ नका. माणसाला साधी वाटणारी पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. सांधेदुखीवर कुत्र्यांची वेगळी औषधे आहेत, ती डॉक्टर वजन पाहून देतात.

खारेपाटात मे महिन्यात गोड्या पाण्याचा एकेक हंडा मोजून वापरावा लागतो, हे मान्य. तरी त्याचे भांडे गोड्या पाण्याने भरलेलेच असू द्या.

खोड की दुखणे?

माणसे बहुतेक वेळा इथेच चुकतात. म्हातारा घरात लघवी करतो, ती खोडी नव्हे. त्याला थांबवून धरता येत नाही, किंवा मूत्रपिंडाचा, साखरेचा विकार असतो. पायरीवर अडून बसतो, तो हट्ट नव्हे, गुडघा दुखतो. खाताना तोंड वाकडे करतो आणि घास टाकतो, म्हणजे दात किडला आहे. रात्री उगाच फेऱ्या मारतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, भलत्या वेळी भुंकतो, तर माणसाला म्हातारपणी भ्रम होतो तसाच प्रकार कुत्र्यातही होतो. कोपऱ्यात मंद दिवा ठेवला, तर पुष्कळदा फरक पडतो. वर्तनात एकाएकी बदल झाला, की आधी दवाखाना, मग शिस्त.

गोचिडांचे तेच. आपल्याकडे कुत्र्याला गोचीड झाले, की रॉकेल, गाडीचे जुने ऑइल, नाहीतर भातावर फवारायचे औषध चोळतात. कातडीतून आणि चाटून ते पोटात जाते, आणि म्हातारा कुत्रा गोचिडाऐवजी औषधाने मरतो. गोचिडांपासून येणारा ताप खरोखर जीवघेणा असतो. हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त, ताप, सुस्ती ही त्याची लक्षणे. पण त्यावर दवाखान्यात थेंब, गोळ्या मिळतात. तेच वापरा.

पावसाळा आणि पालख्या

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओलीत सांधे आखडतात, कानात बुरशी होते, बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात. बाहेरून आला की पाय पुसा, कान कोरडे करा, गोधडी आठवड्यातून दोनदा वाळवा. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस चिखल-पाण्यातून कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. म्हणून साचलेल्या पाण्यातून त्याला नेऊ नका. रात्री त्याला वईच्या आत, शक्य तर घरातच ठेवा. बिबट्याला कुत्रा ही सोपी शिकार असते, आणि फणसाडच्या रानाला लागून असलेल्या गावांना हे वेगळे सांगायला नको.

मग येतो गणेशोत्सव. पेणच्या मूर्तिकारांच्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडू लागल्या, की ढोल-ताशे आणि फटाके आलेच. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी, त्यापाठोपाठ दिवाळी. घाबरलेला कुत्रा दोरी तोडून पळतो, आणि नवख्या गावात त्याला परतीची वाट सापडत नाही. मिरवणुकीच्या वेळी त्याला मधल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा, आणि घरातले एक माणूस त्याच्याजवळ बसू द्या.

रेबीजबाबत चालढकल नको

दयेपोटी आणलेल्या कुत्र्याने घरातले मूल धोक्यात येता कामा नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रेबीजची लस टोचली म्हणून त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, त्याला तीन-चार आठवडे लागतात. आणि आधीच जंतू शिरलेले असतील तर रोग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो. म्हणून सुरुवातीचे महिने त्याच्यावर नजर ठेवा. पिसाळलेला कुत्रा दर वेळी चावत सुटतो असे नाही. कधी तो गप्प कोपऱ्यात बसतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असेल म्हणून माणसे तोंडात हात घालतात. असे चुकूनही करू नका.

चावला, ओरखडला किंवा जखमेवर चाटला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही. त्याआधी मात्र लस माणसाला वाचवते, हे १८८५ साली लुई पाश्चरने दाखवून दिले, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

आणले, म्हणजे आपले झाले

भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी जो आदेश दिला, त्यात दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवताना एक अट घातली: दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी घेणाऱ्याची. पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हा तर १९६० च्या कायद्यानेच गुन्हा आहे. न्यायालयाने सांगितले ते आपल्या आजीलाही पटले असते. आणले, म्हणजे आपले झाले.

शेतकरी घरांना ही गोष्ट नवी नाही. आयुष्यभर नांगर ओढलेला बैल थकला, की त्याला दावणीलाच ठेवून मूठभर पेंढा घालणारी घरे आपल्याकडे होती, आजही आहेत. "त्याने आपल्याला खायला घातले," एवढे त्यांना पुरे होते. कुत्र्याला मात्र थकायची मुभा आपण कधी दिली नाही. राखण करतो तोवर कुत्रा, नंतर ओझे.

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चार कुत्र्यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी काम केले होते. निवृत्त झाल्यावर त्यांना विरारच्या एका शेतावर आसरा मिळाला, आणि चौघांना एकत्र ठेवले गेले. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. एप्रिलमध्ये मॅक्स, शेवटी ऑक्टोबरमध्ये सीझर. सोबती गेल्यावर सीझर उदास झाला होता, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्यालाही म्हातारपणी लागले ते एवढेच: जागा, सोबत आणि वेळेवर घास. फाटकाशी बसणाऱ्या टॉमीला याहून वेगळे काय लागणार?

आमचा टॉमी तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी आपण होऊन पडवीतून उठला, ओटीवर आईच्या पायाशी येऊन बसला. राखण तो करत नाही. कोण आले-गेले, ते त्याला ऐकूच येत नाही. फाटकाची कडी मात्र अजून मीच रोज रात्री दोनदा तपासतो. तुमच्या पडवीत असा कोणी आला असेल आणि आज चौथा दिवस असेल, तर वाचकहो, एवढेच करा. त्याला परत सोडायला निघू नका. कडी लावा, पाण्याचे भांडे भरा, आणि उद्या सकाळी त्याच वेळी त्याला बाहेर न्या.